आत्मिक भूक आणि न पटणाऱ्या माणसांवरचे प्रेम : पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून



चेन्नईत मैलापूरच्या तिरुमयिलै स्टेशनवर लोकलची वाट पाहत उभे राहिलात, तर खाली एक काळ्या पाण्याचा कालवा दिसतो. आमच्या कॉलेजची मुले तिथे नाकाला रुमाल लावतात. हा बकिंगहॅम कालवा. त्याचा शहरातला, कूवम आणि अड्यार या दोन नद्यांना जोडणारा सुमारे ८ किलोमीटरचा तुकडा १८७७-७८ साली दुष्काळी काम म्हणून खणला गेला. तेव्हाच्या गव्हर्नराचे, ड्यूक ऑफ बकिंगहॅमचे, नाव कालव्याला मिळाले. खणणाऱ्यांची नावे कुठे नाहीत. त्या दुष्काळात दक्षिण हिंदुस्थानात लाखो माणसे मेली. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे सरकारने काही काळ ठरवले होते. ते अपुरे आहे, हे मद्रासचे आरोग्य अधिकारी तेव्हाच सांगत होते.

मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘आत्मिक भूक’ हा विषय आला की मी आधी हा कालवा दाखवतो. आत्म्याच्या भुकेबद्दल बोलणाऱ्याने पोटाची भूक काय असते हे विसरू नये, म्हणून. आणि आज ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांना दोन्ही भुका ठाऊक होत्या.

एक सूचना आधीच देतो. हे टिपण कोणाला ख्रिस्ती करण्यासाठी लिहिलेले नाही. ख्रिस्ती विचारात ‘भूक’ आणि ‘न पटणाऱ्या माणसावर प्रेम’ या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, एवढेच समजून घ्यायचे आहे. तुमचा धर्म कोणता, किंवा धर्म मानता की नाही, याने वाचताना काही अडणार नाही.

तिरुपतीचे अकरा दिवस

अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याच्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. त्यांची धाकटी मुलगी रमा हिचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. पुढे घरची संपत्ती गेली आणि हे कुटुंब पुराणिकाचे जीवन जगू लागले. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचे, देवळात पुराण सांगायचे, लोक देतील त्या दक्षिणेवर राहायचे. मुलीला संस्कृत आईनेच शिकवले.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई झाली आणि पुराण ऐकणारेच उपाशी राहू लागले. मग पुराणिकाला कोण देणार? मजुरी करावी, तर पंडिताच्या घरात ती कोणाला ठाऊक नव्हती; भीक मागायची लाज वाटे. दागिने, भांडी, कपडे विकून झाले. शेवटी सगळे तिरुपतीजवळच्या रानात शिरले. रमाबाईंनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत हे सांगितले आहे : अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, मुलांचा निरोपही घेतला. त्या क्षणी थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन. ब्राह्मण शास्त्र्याच्या मुलाने अंगमेहनत करणे ही तेव्हा केवढी गोष्ट होती, हे आज लक्षात येत नाही. पण उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले. रायचूरला आई गेली. आईसाठी रमा एका घरी काही मागायला गेली तेव्हा तिच्या तोंडून शब्दच फुटेना. त्या घरच्या बाईने बाजरीची भाकरी दिली, पण आईला ती खाता आली नाही. प्रेत उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून मुलीने स्वतः खांदा दिला. उंची कमी असल्यामुळे तिला ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले. पुढे थोरली बहीणही गेली.

तिरुपती चेन्नईपासून रेल्वेने तीन-साडेतीन तासांवर आहे. आमच्याकडची निम्मी मुले परीक्षेआधी तिथे जाऊन येतात. या गोष्टीत मी देवस्थानाला दोष देत नाही, रमाबाईंनीही दुष्काळ देवळाने आणला असे म्हटलेले नाही. त्यांची तक्रार वेगळी होती : आम्ही ग्रंथांत सांगितले ते सगळे केले, उपास, जप, दान, प्रदक्षिणा, आणि कोणी उत्तर दिले नाही. ‘कोणी उत्तर दिले नाही’ ही जाणीव म्हणजेच ख्रिस्ती लेखक ज्याला आत्मिक भूक म्हणतात तिची सुरुवात.

भूक म्हणजे काय

मराठीत यासाठी जुने आणि चांगले शब्द आहेत : तळमळ, आर्त, ओढ. वारकरी संतांची अर्धी वाणी या तळमळीचीच आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या वाटेने आलो असे ते सांगत, ते याच अर्थाने. तळमळ आधीची होती, मराठीतूनच आलेली होती.

बायबलमध्ये हा विषय पोटापासूनच सुरू होतो. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक वाळवंटात उपाशी असतात, त्यांना रोज सकाळी ‘मान्ना’ नावाचे अन्न मिळते, आणि अट एवढीच की उद्यासाठी साठवायचे नाही. साठवले तर किडे पडतात. येशूची वाळवंटातली पहिली परीक्षा भाकरीचीच आहे. डोंगरावरच्या प्रवचनात तर जे नीतिमत्त्वासाठी भुकेले आणि तहानलेले आहेत त्यांना तो धन्य म्हणतो. गंमत पाहा, धन्य पोट भरलेल्यांना म्हटलेले नाही. वैद्यकातही भूक लागणे हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण आहे. भूक मेली की घरचे काळजीत पडतात. ख्रिस्ती विचारात आत्मिक भुकेकडे तसेच पाहिले जाते. ती रोग नाही, ती आपल्याला कुठेतरी नेण्यासाठी आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात हीच अस्वस्थता मुख्य धागा धरली आहे.

तिची दुसरी बाजू तुम्हाला हॉस्टेलमध्ये रोज दिसते. जेवणाच्या वेळी भूक लागलेली असते आणि मेसमध्ये नावडती भाजी असते, मग आपण चिप्सची पाकिटे संपवतो. भूक मोडते, पोषण होत नाही. मार्क, पगार, फोनवर मिळणारी वाहवा यांचे तसेच आहे. यांतले काही वाईट आहे असे मुळीच नाही, पण ते त्या भुकेचे अन्न नाही, असे हा विचार सांगतो.

विहिरीवरचे बोलणे

भाऊबहीण चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पोटाची भूक संपली, मान मिळाला. पण १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेला. पतीच्या घरातच त्यांना बंगालीतले लूककृत शुभवर्तमान सापडले होते. पुढे पुणे, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, आणि १८८३ साली इंग्लंड. वैद्यकी शिकायची इच्छा होती. ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमले नाही.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत होत्या. या मठाचे लंडनजवळ फुलॅम येथे एक केंद्र होते. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणे अशा स्त्रियांना तिथे ठेवून घेत, काम शिकवत, आजारात त्यांची सेवा करत. रमाबाईंनी ते पाहिले आणि चकित झाल्या. अशा स्त्रियांना कोणती शिक्षा द्यावी याविषयी आपल्या धर्मशास्त्रात काय लिहिले आहे, हे त्यांना पाठ होते. तुम्ही यांच्यासाठी हे का करता, असे त्यांनी एका सिस्टरला विचारले. उत्तरादाखल सिस्टरने योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली.

गोष्ट थोडक्यात अशी. भर दुपारी येशू एका विहिरीपाशी थकून बसलेला आहे. एक बाई एकटीच पाणी भरायला येते. ती शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने बाटलेल्या लोकांपैकी. यहुदी त्यांच्याशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. शिवाय तिचे पाच नवरे झालेले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. येशू तिला उपदेश करून सुरुवात करत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो.

मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. पाणवठा म्हणजे काय आणि कोणाच्या हातचे पाणी कोण पितो म्हणजे काय, हे १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला कळते. ज्याला आपण कमी लेखतो त्याच्याकडे काही मागणे ही त्याला मान देण्याची सगळ्यात साधी रीत आहे. कारण मागणारा खाली असतो. तिला पुन्हा तहान लागू न देणारे ‘जिवंत पाणी’, तिचे पाच नवरे, खरी उपासना कुठे करायची, हे सगळे बोलणे नंतरचे.

या अध्यायात एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. येशूचे शिष्य गावात अन्न विकत आणायला गेलेले असतात. ते परत येऊन त्याला जेवायचा आग्रह करतात, तर तो म्हणतो की माझ्याकडे तुम्हाला ठाऊक नसलेले अन्न आहे. ज्याने मला पाठवले त्याचे काम पुरे करणे हे माझे अन्न. आता, त्या दुपारी त्याने कोणते काम केले होते? कोणी बोलत नव्हते अशा एका बाईशी तो बोलला होता, एवढेच. या टिपणाचा सगळा मुद्दा इथे आहे. आत्मिक भूक भागवायची एक पायरी आणि मग वेळ उरला तर लोकांवर प्रेम करायची दुसरी पायरी, अशी मांडणी या गोष्टीत नाही. ती माणसे हेच अन्न आहे.

रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्या.

इथे ‘प्रेम’ या शब्दाबद्दल दोन वाक्ये. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत त्यासाठी ‘अगापे’ हा शब्द येतो. मन भरून येणे किंवा कोणी आवडणे यापेक्षा समोरच्याचे भले इच्छिणे आणि ते करणे, असा त्याचा रोख आहे. म्हणून तर शत्रूवर प्रेम करा अशी आज्ञा देता येते. आवडण्याची आज्ञा कोणाला देता येणार? तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधला जो मुलगा कधीच वेळेवर येत नाही, तो तुम्हाला आवडलाच पाहिजे असे कोणी म्हणत नाही.

केडगाव

बाप्तिस्म्याने भूक संपली, असे समजू नका. रमाबाईंनी पुढे मोकळेपणाने लिहिले की सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. तोवर त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक अमेरिकेत गाजले होते (१८८७), विधवांसाठी शारदा सदन मुंबईत सुरू होऊन (११ मार्च १८८९) पुण्याला आले होते, नाव सगळीकडे झाले होते. एवढे झाल्यावर आपण अजून उपाशी आहोत असे जाहीर म्हणणे सोपे नाही. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग बाप्तिस्म्यापेक्षा मोठा वाटतो.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिथल्या हालांच्या बातम्या वाचताना रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली. त्या स्वतः तिथे गेल्या आणि मुली व विधवा घेऊन आल्या. थोड्या महिन्यांत ही संख्या तीनशेच्या आसपास गेली. पुण्यात प्लेगमुळे बाहेरच्या माणसांना आणण्यावर बंदी आली, म्हणून पुण्याहून रेल्वेने पूर्वेला असलेल्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या घातल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन अशा शाखा निघाल्या. अंधांना ब्रेल शिकवायचे काम मनोरमेने केले. छापखाना मुलीच चालवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, छापून पुरे झाले.

हे सारे वाचताना डोळ्यांपुढे शांत, कृतज्ञ मुलींचे चित्र उभे राहते. ते खरे नसणार. उपाशी माणूस गोड नसतो. याचा एक शास्त्रीय पुरावाही आहे. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण शरीरापेक्षा लक्षात राहते ती त्यांच्या स्वभावाची नोंद : ती माणसे चिडचिडी झाली, एकटी राहू लागली, सारखा अन्नाचाच विचार करू लागली, ताटे चाटू लागली, काहीजण निरुपयोगी वस्तू साठवू लागले. हे तरुण कोण होते? युद्धात शस्त्र धरायला धर्माच्या कारणाने नकार दिलेले, आणि त्यांतले बरेच क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांतले. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसे खाऊ घालावे हे कळावे म्हणून ते स्वखुशीने उपाशी राहिले होते. म्हणजे शांतपणाची सवय असलेली ही माणसे. सहा महिन्यांच्या अपुऱ्या जेवणाने त्यांचीही भांडणे होऊ लागली.

यावरून मी वर्गात एक गोष्ट सांगतो. तुम्हाला नकोसा वाटणारा माणूस कशाला उपाशी आहे, हे एकदा पाहावे. कोणाला घरी कधी शाबासकी मिळालेली नसते. कोणी पहिल्या पिढीचा शिकणारा असतो आणि इंग्रजीत हसे होईल या भीतीने आधीच अंगावर येतो. माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगा प्रत्येक प्रयोगाला बॅचमेटशी भांडायचा. तीन महिन्यांनी कळले की तो फी भरण्यासाठी रात्री काम करत होता आणि सकाळी न खाता यायचा. मी त्याला दोनदा वर्गाबाहेर काढले होते. कॅन्टीनमध्ये नेऊन पोंगल खाऊ घालायला मला तीन महिने लागले, हे काही भूषण नाही.

पण हा विचार फार ताणू नये. सगळी अवघड माणसे उपाशी नसतात. काही नुसती दुष्ट वागतात, आणि छळ सोसत राहणे म्हणजे प्रेम, असे ख्रिस्ती शिकवण सांगत नाही. रमाबाई स्वतः गप्प बसणाऱ्या नव्हत्या. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारवर उघड टीका केली. रॅगिंग होत असेल तर तक्रार करा. त्यात प्रेमाला काही बाधा येत नाही.

एक आक्षेप, जो दर वर्षी येतो

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच : सर, हे प्रेम होते की धर्मांतराची तयारी? प्रश्न खोटा नाही, आणि नवाही नाही. १८९३ साली पुण्यात नेमका हाच वाद पेटला. शारदा सदनात धर्म शिकवला जाणार नाही असे ठरलेले होते. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीका केली. सल्लागार मंडळावरचे रानडे आणि भांडारकर, जे त्यांचे हितचिंतकच होते, यांनी संबंध तोडले. वीसेक मुलींना पालकांनी काढून नेले.

रमाबाईंचे म्हणणे होते की मी कोणाला बोलावत नाही, पण माझे दारही लावणार नाही. विरोधकांचे म्हणणे होते की जिच्यावर सर्वस्वी अवलंबून आहोत तिचे उघडे दार हेही एक बोलावणेच असते. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. भुकेल्याला देणाऱ्याच्या हातात सत्ता असते; देणाऱ्याला ती जाणवली नाही तरी घेणाऱ्याला जाणवते. दुसऱ्या बाजूला हेही खरे की शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई हिने १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि ती हिंदूच राहिली. विहिरीच्या गोष्टीत येशू आधी पाणी मागतो, याचे महत्त्व इथे पुन्हा लक्षात येईल. देणारा कधी घेणाराही होतो का, हे पाहिले की बरेच काही ठरते. तुमचे उत्तर माझ्यापेक्षा वेगळे असू शकते.

आजीबाई

दुष्काळातल्या मुलीवर प्रेम करणे कष्टाचे असते, पण त्यात एक सोय आहे : ती आपल्यापेक्षा लहान असते. आपल्या बरोबरीचा किंवा आपल्याला शिकवणारा माणूस, ज्याचे आपल्यावर उपकार आहेत आणि ज्याला आपले चुकते आहे याची शंभर टक्के खात्री आहे, त्याच्यावर प्रेम करणे जास्त कठीण. त्यासाठी पुन्हा वाँटेजला जावे लागेल.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांनी रमाबाईंना आसरा दिला, लहानग्या मनोरमेला सांभाळले. आणि दोघींचे सतत वाजत असे. रमाबाईंना येशूचे देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगते म्हणून मान्य करायचा नव्हता; स्वतः बायबल वाचून पटेल तेवढेच त्या घेणार. जेराल्डीनना हा गर्व वाटे. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, त्यावरून बोलणे झाले. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन शब्द कशाला, लिहायचेच तर संस्कृत लिहू, असे रमाबाईंनी सुनावले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सांगितले तेव्हा त्या संतापल्या. मी माझा देश सोडून आले ती कोणाच्या मुठीत राहायला नाही, असा त्यांचा रोख. सगळ्यात वाईट भांडण मनोरमेवरून. तिला धर्म कोणी आणि कोणता शिकवायचा, आईने की मठाने? त्याच कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना हे जास्त चांगले जमले. त्या रमाबाईंच्या शंकांना लांबलचक पत्रांतून उत्तरे देत, आणि उत्तर नसेल तिथे शंका तशीच राहू देत. जेराल्डीनना शंका राहू देणे जमत नसे.

तरी संबंध तुटला नाही. रमाबाई आयुष्यभर त्या शाकाहारी, हट्टी, प्रश्न विचारणाऱ्या रमाबाईच राहिल्या आणि जेराल्डीनही बदलल्या नाहीत. मनोरमा १९२१ साली गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. या सगळ्या भांडणाची पत्रे आज आपल्याला वाचता येतात, कारण ती जेराल्डीन यांनीच गोळा करून, जुळवून ठेवली. ज्यांत त्यांना रमाबाईंनी खडसावले आहे तीही त्यांनी ठेवली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रकाशित केला. मूळ इंग्रजी आहे, पण तुम्हाला झेपेल. वाचताना एक गोष्ट पाहा : खडसावणाऱ्या त्या इंग्रजी पत्रांतही रमाबाई या इंग्रज जोगिणीला मराठी नावाने हाक मारतात, ‘आजीबाई’.